चाळीस सेकंद

तुल्चाच्या बंदर कचेरीत, टेबलाखाली,
एकच कॉम्प्युटर. बजेट तेवढंच.
त्याच्या पोटात मी दोन बिऱ्हाडं मांडली,
आणि दोन्ही घरमालकांना वाटतं, जमीन आपलीच.

जुनं बिऱ्हाड एव्हसेई म्हाताऱ्याच्या प्रोग्रामचं.
वीस वर्षं तो डॅन्यूबची उंची सेंटिमीटरमध्ये टिपतोय.
नव्या मशीनवर पाऊल ठेवत नाही,
म्हणून त्याच्यासाठी खोटं जुनं मशीन उभं केलं:
खोटी डिस्क, खोटी फ्लॉपी, खोटा एक प्रिंटर,
ज्यातून कागद कधीच बाहेर येत नाही
आणि तो बिचारा तक्रारही करत नाही.

नवं बिऱ्हाड राजधानीहून आलं, शिक्कामोर्तबासकट,
आपला हायपरव्हायजर आपल्या पाठीवर घेऊन.
दुसऱ्याच्या ओसरीवर आम्ही उतरत नाही,
असं पत्रात लिहिलेलं नव्हतं. अर्थ तोच.

पहिल्या रात्री दोन्ही एकदम चालू केले.
पडद्यावर ओळ उमटली:
प्रोसेसरची ही सोय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतली आहे.
कोणीतरी!
अबोला धरलेल्या जावांसारखे,
एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत.

एकाला दुसऱ्याच्या आत बसवून पाहिलं.
चाललं. पण असं चाललं
की पाण्याचा आकडा सुलिनाला पोचेपर्यंत
पाणीच पोचलं असतं.

एव्हसेई गुरुवारी येतो.
दाढीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
घरी लिपोवानी रशियन, कचेरीत रुमानियन.
मी विचारलं, दोन्ही एकदम येत नाहीत का तोंडात?
म्हणाला, येतात ना. पण जीभ एकच.
आधी पोचेल तिची.
दुसरी थांबते, आणि थांबल्या थांबल्या शिव्या देते.

मग मी पाळी लावून दिली.
दिवसा राजधानी, रात्री एव्हसेई.
सकाळी सहाला एक छोटी स्क्रिप्ट
म्हाताऱ्याच्या पाहुण्याला निजवते, आकडा अर्धा लिहून झाला असला तरी;
त्याच्या मालकाचं मॉड्यूल कर्नलमधून उपसते,
दुसऱ्याचं रोवते.
संध्याकाळी सहाला उलट.
पाहुणा उठतो तेव्हा त्याच्या मते अजून सकाळच असते.
मग कुणाला तरी वेळ विचारतो
आणि बारा तास
एका घोटात, गुपचूप गिळतो.

पण उपसणं आणि रोवणं, यांच्यामध्ये
चाळीस सेकंद.
तेवढा वेळ नदीकडे कोणीच बघत नाही.
दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात.
इथे पाहुणा भरल्या पोटी झोपलेला.
उपाशी असेल तर नदी.

अहवालात मी हे लिहिलं नाही.
एव्हसेईला सांगितलं. तो हसला नाही.

पुढच्या गुरुवारी पावणेसहालाच आला.
टोपी न काढता थेट धक्क्यावर गेला,
जिथे आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी
पाण्यात उतरते.
मी खिडकीशी. पाठीमागे पडद्यावर
एक मालक गेलेला, दुसरा यायचा;
पंखा तेवढा फिरत होता, कुणासाठी कोण जाणे.
तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.
मग हात वर केला:
दोन बोटं. एक बोट. मूठ.
मी पेन शोधेपर्यंत
मुठीचा अर्थ दोनदा विसरले.
दोनशे दहा, मी वहीत लिहिलं.

तेवढ्यात नवा जागा झाला आणि म्हणाला,
दोनशे नऊ.

एव्हसेई आत आला, बूट ओले,
पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं,
म्हणाला, मध्ये एक बोट गेली, डोम्निका,
आणि न विचारता माझ्या खुर्चीत बसला.
खुर्ची इथे एकच.
मी उभी राहून चहा ठेवला.